देणगीवर चालणारं विज्ञान

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळेला सुट्टी लागायला दोनच दिवस उरले असताना, मी आणि आणखी दोन पालक मुलीच्या शाळेतली विज्ञानाची खोली आवरायला गेलो होतो. खोली म्हणजे मैदानाच्या कडेला उभी केलेली एक पोर्टेबल, म्हणजे उचलून नेता येणारी तात्पुरती वर्गखोली. आत एकच सिंक, सहा लांब टेबलं आणि छतापर्यंत रचलेली प्लॅस्टिकची खोकी. लोहचुंबक, भिंगं, वाळूचे ट्रे, मापाची भांडी, बॅटऱ्या असं सगळं मोजून, नाव घालून गोदामात पाठवायचं होतं. पहिलं खोकं उघडलं तेव्हा झाकणाच्या आत चिकटवलेलं एक कार्ड दिसलं. मग लक्षात आलं की प्रत्येक झाकणाला असं कार्ड आहे आणि सगळ्यांवर विज्ञानाच्या बाईंचंच अक्षर आहे.

चौथीच्या विजेच्या खोक्यावर लिहिलं होतं: निम्मी मुलं वायर बल्बच्या फक्त टोकाला लावतात, सांगू नका, पंधरा मिनिटं थांबा. पाचवीच्या मिश्रणांच्या खोक्यावर: ‘साखर नाहीशी झाली’ असं म्हणणाऱ्याला आधी वजन करू द्या, मग विचारा ती कुठे गेली. दुसरीच्या बियांच्या डब्यावर: शुक्रवारी भिजवू नका, शनिवार-रविवारी पाणी घालायला कोणी नसतं. एकेका कार्डावर तीन-तीन रंगांच्या शाया होत्या. दरवर्षी त्यात एखादी ओळ वाढत गेली होती.

बाईंनी ती खोली नऊ वर्षं चालवली. त्यांची नोकरी गेलेली नाही, हे आधीच सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो आणि उत्तर ऐकून त्याचा जीव भांड्यात पडतो. ऑगस्टपासून त्या डिस्ट्रिक्टच्याच (म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्याच) दुसऱ्या शाळेत तिसरीच्या वर्गशिक्षिका असतील. पगार तोच, पेन्शन तीच. बंद झालं ते त्यांचं विज्ञान शिकवणं. अर्थसंकल्पाच्या भाषेत याला ‘शून्य नोकरकपात’ म्हणतात. माझ्या मते हे नुकसान नोकरकपातीएवढंच मोठं आहे आणि ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, म्हणून त्याबद्दल लिहायला बसले.

आम्ही सॅन फ्रान्सिस्को बेच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात राहतो. शाळेत निम्म्याहून अधिक मुलं भारतीय आणि चिनी घरांतली. डिस्ट्रिक्टचं नाव लिहीत नाही. लिहिण्याची गरजही नाही, कारण कॅलिफोर्नियातल्या कितीतरी उपनगरांत हेच घडतंय.

भारतातून आलेल्या पालकांना इथली एक गोष्ट उशिरा कळते, मलाही उशिराच कळली. इथल्या प्राथमिक शाळेत विज्ञानाला वेगळा शिक्षक असणं हा नियम नाही. प्राथमिक शिक्षकाला जे क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा परवाना, मिळतं ते बहुविषयी असतं. एकच शिक्षिका वाचन, लेखन, गणित, समाजशास्त्र, विज्ञान सगळं शिकवते. काही डिस्ट्रिक्टमध्ये त्याच्या जोडीला विज्ञानाचा खास शिक्षक नेमतात. तो आठवड्यातून एकदा, पंचेचाळीस मिनिटं, शाळेतल्या एकेका वर्गाला घेतो. त्या वेळात वर्गशिक्षिकेला वह्या तपासायला, पुढच्या धड्याची तयारी करायला मोकळा वेळ मिळतो. हा ‘प्रेप’चा वेळ युनियनच्या करारात लिहिलेला असतो. म्हणजे बऱ्याच ठिकाणी विज्ञानाच्या बाई शाळेत येतात त्या दुसऱ्या बाईंना मोकळा तास मिळावा म्हणून. तो तास चित्रकलेने भरता येतो, संगीताने भरता येतो, पीटीच्या सरांनी मुलांना मैदानावर नेलं तरी भरता येतो. ज्या पदाचं मूळच असं दुसऱ्याच्या वेळापत्रकातली जागा भरण्यात आहे, ते तंगीच्या वर्षी किती टिकणार?

आणि पैसा कुठून येतो ते बघा. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ हा प्रस्ताव थेट मतदानाने मंजूर केला. घरपट्टी घराच्या नोंदलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधली गेली आणि ती किंमत घर विकेपर्यंत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही असं ठरलं. तेव्हापासून शाळांच्या पैशाची दोरी राज्याकडे, सॅक्रामेंटोला गेली. २०१३ पासून राज्य जे सूत्र वापरतं त्यात दर विद्यार्थ्यामागे एक मूळ रक्कम असते आणि गरीब घरांतली, इंग्रजी शिकत असलेली किंवा पालनगृहांतली मुलं असतील तर त्यावर जादा रक्कम मिळते. हे सूत्र न्याय्य आहे, त्याविरुद्ध मला एक शब्दही बोलायचा नाही. पण त्यामुळे आमच्यासारख्या उपनगरांच्या हातात जवळजवळ मूळ रक्कमच पडते. ती मुलांच्या रोजच्या सरासरी हजेरीवर मोजतात, आणि मुलं कमी होत चालली आहेत. राज्यातल्या सरकारी शाळांची पटसंख्या दहा वर्षांपूर्वी ६२ लाखांच्या घरात होती, ती आता ५८ लाखांच्या आसपास आली आहे. जन्मदर घटला, आणि घरांच्या किमती अशा झाल्या की लहान मुलं असलेली कुटुंबं इथे येईनाशी झाली. २०२२ मध्ये कुपर्टिनोसारख्या गावात, जिथल्या शाळांसाठी लोक कर्ज काढून घर घेतात तिथे, प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या. कोविडच्या काळात केंद्राकडून आलेले पैसेही सप्टेंबर २०२४ ला संपले.

मग उपनगरं काय करतात? पार्सल टॅक्स, म्हणजे प्रत्येक मालमत्तेवरचा जादा स्थानिक कर, लावू पाहतात. त्यासाठी दोन तृतीयांश मतं लागतात, आणि ज्यांची मुलं शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली त्यांनीही ‘हो’ म्हणावं लागतं. दुसरा रस्ता म्हणजे पालकांनी चालवलेलं एज्युकेशन फाउंडेशन. दर सप्टेंबरला ईमेल येते, ‘प्रत्येक मुलामागे अमुक डॉलर द्या’. त्या पैशातून जे भागतं त्यात विज्ञानाचे खास शिक्षक, संगीत आणि ग्रंथालयातल्या बाई ही नेहमीची यादी. आमच्याकडेही तसंच होतं. नऊ वर्षं बाईंच्या पदाचा मोठा हिस्सा पालकांच्या चेकमधून येत होता. माझा चेकही त्यात होता, आणि तो देताना मला बरं वाटायचं. शाळेसाठी आपण काही करतोय असं वाटायचं. आता वाटतं की त्या चेकनेच आम्हाला आंधळं केलं. पद चालू होतं, म्हणून ते कशावर उभं आहे हे कुणी विचारलं नाही.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षी काम नसण्याची शक्यता असलेल्या शिक्षकाला १५ मार्चपर्यंत प्राथमिक नोटीस द्यावी लागते आणि १५ मेपर्यंत अंतिम. त्याआधी स्कूल बोर्ड, म्हणजे डिस्ट्रिक्टचं निवडून आलेलं मंडळ, एक ठराव करतं. अमुक अमुक प्रकारच्या सेवा कमी करत आहोत, आणि पुढे आकडे. आमच्या बोर्डाच्या ठरावात प्राथमिक विज्ञानाची ओळ समुपदेशक आणि ग्रंथालय यांच्या मध्ये होती. नाव नाही, फक्त ‘एफटीई’, म्हणजे पूर्णवेळ पदांची संख्या. ज्येष्ठतेचा नियम लागतो. बाईंची सेवा जुनी आणि क्रेडेन्शियल बहुविषयी, त्यामुळे त्यांना तिसरीचा वर्ग मिळाला. तो वर्ग आधी जिच्याकडे जाणार होता ती दोन वर्षांपूर्वी लागलेली तरुण शिक्षिका मात्र बाहेर पडली. इथे दोन वर्षांच्या परिविक्षेनंतर, तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी शिक्षक कायम होतो. ती त्या दिवसाच्या उंबरठ्यावर होती. विज्ञानाची एक खोली बंद करायला गेलो आणि दोन माणसांच्या आयुष्याची घडी मोडली.

बाईंच्या खोलीत काय चालायचं ते सांगितल्याशिवाय हे सगळं हिशेबाचं रडगाणं वाटेल. मुलगी चौथीत असताना मी मदतनीस पालक म्हणून एक तास बसले होते. प्रत्येक जोडीला एक बॅटरी, एक छोटा बल्ब आणि एकच वायर. बल्ब पेटवा, बस एवढंच. मी सांगलीची, शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. मला उत्तर दहा सेकंदांत सांगता आलं असतं आणि माझी जीभ शिवशिवत होती. मुलीने वायर बॅटरीला लावली, बल्ब वायरवर टेकवला, काही नाही. उलटं केलं, काही नाही. तिच्या जोडीदाराने ‘बॅटरी मेली आहे’ असं जाहीर केलं. बाई आल्या आणि म्हणाल्या, मेली आहे हे कसं तपासशील? तो गप्प झाला, मग शेजारच्या टेबलावरची बॅटरी घेऊन आला. तीही ‘मेलेली’ निघाली. मग दोघांनी मान्य केलं की खोट बॅटरीत नसावी. एकविसाव्या मिनिटाला बल्बची बाजूची धातूची कडा वायरला टेकली, टोक बॅटरीला टेकलं आणि बल्ब पेटला. मुलीने ओरडून सगळा वर्ग गोळा केला. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी तिला बल्बचं चित्र काढायला सांगितलं आणि विचारलं, वीज आत कुठून शिरते आणि बाहेर कुठून पडते?

मी सांगलीत चांगल्या शाळेत शिकले. विजेच्या मंडलाची आकृती पट्टीने रेघा मारून, पेन्सिलीने, सुबक काढायचे आणि पैकीच्या पैकी गुण मिळवायचे. बल्बला टोक आणि कडा असे दोन स्पर्शबिंदू असतात हे मला त्या आकृतीतून कधीच कळलं नव्हतं, कारण आकृतीत बल्ब म्हणजे एक गोल आणि त्यात फुली. ते मला इंजिनिअरिंगला, कामाच्या निमित्ताने कळलं. माझी मुलगी ते नवव्या वर्षी स्वतःच्या हाताने शोधून बसली होती. बाईंनी त्या तासात तिला एकही गोष्ट सांगितली नव्हती. न सांगण्याची ही कला शिकायला किती वर्षं लागतात? कुठलं मूल कुठे अडकणार, कुठल्या चुकीला हात लावायचा आणि कुठली चूक तशीच चालू द्यायची, हे कुठल्याही किटसोबत छापून येत नाही. बर्कलीच्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्समध्ये तयार झालेली ‘फॉस’ किटं इथल्या अनेक शाळांत आहेत, आणि ती उत्तम आहेत. पण त्यातली बॅटरी-वायर कुणाच्याही हातात दिली की असा तास होईल असं मानणं म्हणजे तबला विकत आणला की ठेका येईल असं मानणं आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. अनेक अनुभवी शिक्षक म्हणतात की विज्ञानाला वेगळा शिक्षक नेमूच नये. वर्गशिक्षिकेनेच शिकवावं, म्हणजे वाचनात विज्ञान येईल, गणितात विज्ञान येईल, खिडकीबाहेर पाऊस आला तर तिथल्या तिथे वही काढता येईल. वेगळ्या बाई आल्या की ‘विज्ञान बुधवारी दहा वाजता असतं’ असं मुलांना वाटू लागतं, आणि वर्गशिक्षिका तो विषय मनातून काढून टाकते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आक्षेपात तथ्य आहे.

पण ज्या वर्गशिक्षिकेवर आपण हा भार टाकतो आहोत तिची स्थिती काय आहे? देशभरातल्या विज्ञान आणि गणित शिक्षणाची २०१८ ची राष्ट्रीय पाहणी सांगते की बालवाडी ते तिसरीपर्यंतच्या वर्गांत दिवसाला सरासरी ८९ मिनिटं वाचन-लेखनाला, ५७ मिनिटं गणिताला आणि १८ मिनिटं विज्ञानाला मिळतात. चौथी ते सहावीत विज्ञानाची मिनिटं २७ होतात. त्याच पाहणीत, वाचन शिकवायला आपण पूर्ण तयार आहोत असं ७७ टक्के प्राथमिक शिक्षकांनी सांगितलं. विज्ञानाबाबत असं म्हणणारे ३१ टक्केच होते. यात शिक्षकांचा दोष नाही. २००२ मध्ये सही झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा लावली. विज्ञानाची परीक्षा प्राथमिक टप्प्यात एकदाच. कॅलिफोर्नियात ती पाचवीत होते. तिसरीच्या शिक्षिकेची वर्षभराची झोप कोणत्या आकड्यांनी उडते हे उघड आहे. २०१३ मध्ये या राज्याने नवे विज्ञान मानदंड स्वीकारले. त्यात बालवाडीपासूनच ‘घटना बघा, प्रश्न विचारा, पुराव्याने वाद घाला’ असा आग्रह आहे. मानदंड सुरेख आहेत, पण त्यासाठी १८ मिनिटं पुरत नाहीत आणि ज्या शिक्षिकेने स्वतः असं विज्ञान कधी शिकलं नाही तिला ते एका कार्यशाळेत येत नाही.

म्हणून मला वेगळ्या बाई हव्या आहेत, पण वर्गशिक्षिकेला बाहेर पाठवून नव्हे. दोघी मिळून हव्यात. पहिल्या वर्षी विज्ञानाच्या बाई शिकवतील, वर्गशिक्षिका बघेल. दुसऱ्या वर्षी दोघी, तिसऱ्या वर्षी वर्गशिक्षिका शिकवेल आणि बाई कोपऱ्यात उभ्या राहतील. असं करायचं तर विज्ञानाचा तास प्रेपच्या हिशेबातून बाहेर काढावा लागेल, आणि पद दहा वर्षं टिकेल याची खात्री असावी लागेल. दरवर्षी मार्चमध्ये ज्याच्या मानेवर नोटिशीची तलवार असते, तो तीन वर्षांची योजना कशाला आखेल?

इथेच या कामाचं करिअर म्हणून किती वाटोळं झालं आहे ते दिसतं. पगार ठरतो तो किती वर्षं झाली आणि पदवीनंतर किती क्रेडिटं घेतली या दोन मापांवर. यात एक प्रकारचा सरळपणा आहे आणि तो मला आवडतो. पण प्राथमिक विज्ञानात उत्तम असलेल्या माणसाला पुढे जायला जागा नाही. हायस्कूलच्या फिजिक्स शिक्षकाला विभागप्रमुख होता येतं, एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, वर्ग मिळतात. प्राथमिकच्या बाईंना दोन दारं. एक प्रशासकीय क्रेडेन्शियल काढून उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक होण्याचं, म्हणजे बल्ब-बॅटरी कायमची सुटली. दुसरं ‘टोसा’ होण्याचं, म्हणजे वर्ग सोडून इतर शिक्षकांना मार्गदर्शन करायचं. ते काम मोलाचं आहे, पण मार्चच्या ठरावात टोसांची ओळ सहसा सगळ्यात वर असते. डिस्ट्रिक्ट बदलावं तर जुन्या अनुभवाची सगळी वर्षं नव्या ठिकाणी मोजतीलच असं नाही, बहुतेक ठिकाणी त्याला मर्यादा असते. पंधरा वर्षांची शिक्षिका दुसऱ्या गावी गेली तर पगाराच्या तक्त्यावर कित्येक पायऱ्या खाली उतरते. म्हणून माणसं हलत नाहीत. आणि जिथे आहेत तिथे त्यांना त्यांचं काम करू देत नाहीत.

राहण्याचा प्रश्न तर सगळ्या शिक्षकांचाच. अल्टामाँट खिंड ओलांडून ट्रेसी-मँटिकाहून रोज येणारे शिक्षक आमच्या शाळेत आहेत. सांता क्लाराच्या डिस्ट्रिक्टने २००२ पासून आणि डेली सिटीच्या हायस्कूल डिस्ट्रिक्टने २०२२ मध्ये शिक्षकांसाठी स्वतःच्या जमिनीवर घरं बांधली, डेली सिटीत १२२. हे सगळीकडे व्हायला हवं. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता आपल्या माणसांबद्दल बोलते. इथल्या मराठी घरांत विज्ञानाला मान आहे असं आपण मानतो. आपल्यापैकी बहुतेक जण विज्ञान शाखेचे, अनेकांच्या घरी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचं नाहीतर स्कॉलरशिपचं प्रमाणपत्र फाइलीत आहे. पण आपण पैसा आणि वेळ कुठे घालतो? शनिवारी सकाळी रशियन मॅथ, मंगळवारी कुमॉन, त्यासाठी महिन्याला काही शे डॉलर. मी घातले आहेत, पुढेही कदाचित घालेन. गणित वाईट नाही. पण त्या क्लासमध्ये ‘बॅटरी मेली आहे हे कसं तपासशील’ असं कोणी विचारत नाही. तो प्रश्न विचारणारी बाई शाळेत फुकट होती. फेब्रुवारीत तिचं पद बोर्डापुढे आलं, त्या बुधवारी रात्री सभागृहात आम्ही भारतीय पालक मोजून पाच होतो. त्यातही मी पहिल्यांदाच आले होते. दोन मिनिटं बोलायला मिळतात. माझी दोन मिनिटं फार उशिरा आली. ठरावाचे आकडे तोवर ठरून गेले होते.

‘आम्हाला मत कुठे आहे’, असं बरेच जण म्हणतात, आणि ते खरं आहे. एच-१बीवर दहा-पंधरा वर्षं राहिलेली, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभी असलेली किती कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत! ती घरपट्टी भरतात, फाउंडेशनला चेक देतात, पण पार्सल टॅक्सवर मत देऊ शकत नाहीत. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१६ मध्ये नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मताचा हक्क दिला. आमच्या उपनगरात तसं काही नाही. पण बोलण्याचा हक्क सगळ्यांना आहे. १९५३ च्या ब्राउन कायद्याने प्रत्येक स्थानिक मंडळाची बैठक खुली केली, तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही. आणि दर उन्हाळ्यात, १ जुलैच्या आत, प्रत्येक डिस्ट्रिक्टला आपली ‘एलकॅप’, म्हणजे पैसा कोणत्या उद्दिष्टांवर खर्च करणार त्याची योजना मंजूर करावी लागते. तीही पालकांशी बोलून. तिचा मसुदा वसंतातच बाहेर येतो. आमच्या डिस्ट्रिक्टचा मसुदा मी या वर्षी पहिल्यांदा वाचला. वाचन आणि गणित पानापानांवर होतं. प्राथमिक विज्ञान शोधायला मला फाइलीत शब्द टाकून बघावं लागलं.

माझी मागणी सोपी आहे: प्राथमिक विज्ञानाचं पद देणगीवर नसावं. मूळ अर्थसंकल्पात असावं, आणि त्यासाठी राज्याने वेगळा, राखीव पैसा द्यावा. हे अशक्य नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन २८ मंजूर केलं. शाळांना मिळणाऱ्या हमीच्या रकमेच्या एक टक्क्याएवढी रक्कम, म्हणजे वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर, कला आणि संगीतासाठी राखीव झाले. मोठ्या डिस्ट्रिक्टनी त्यातले ऐंशी टक्के माणसं नेमण्यावरच खर्च करायचे अशी अट आहे. आमच्या शाळेतल्या संगीताच्या सरांना या मार्चमध्ये नोटीस आली नाही. मला त्याचा मनापासून आनंद आहे. चार वर्षांपूर्वी ते आणि विज्ञानाच्या बाई एकाच यादीत, एकाच चेकच्या भरवशावर होते. मतदारांनी ठरवलं आणि एक जण सुटला. दुसऱ्यासाठीही असं ठरवता येईल.

राखीव निधीला विरोध करणारे म्हणतील की प्रत्येक विषयाने आपापला टक्का बांधून घेतला तर बोर्डाच्या हाती काहीच उरणार नाही. खरं आहे, आणि गणित-वाचनाला कुणी टक्का मागत नाही कारण त्यांच्यामागे परीक्षेचं बळ आहे. ज्या विषयांमागे ते बळ नाही, त्यांनाच संरक्षण लागतं. विज्ञानाची परीक्षा दरवर्षी लावून हा प्रश्न सोडवावा असं काही जण सुचवतात. तसं झालं तर पंधरा मिनिटं थांबणारी बाई थांबणार नाही. ती उत्तर सांगून पुढे जाईल.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त बोचते. आमच्याकडे निदान नऊ वर्षं तरी ही खोली होती. वीस मैलांवरच्या गावात, जिथे पालक दोन-दोन नोकऱ्या करतात आणि फाउंडेशनच्या ईमेलला उत्तर देण्याइतका पैसा घरात उरत नाही, तिथल्या मुलांना अशी खोली कधी मिळालीच नाही. राज्याचा जादा पैसा तिथे जातो, पण तो वाचन सावरण्यात, समुपदेशकांत, उन्हाळी वर्गांत संपतो, आणि संपायलाही हवा. उपनगरातले पालक चेक लिहून आपला प्रश्न गावापुरता मिटवत राहिले, म्हणून सॅक्रामेंटोपर्यंत तो पोहोचलाच नाही. ज्यांच्याकडे आवाज होता त्यांना गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती त्यांना बुधवारी रात्री सात वाजता सभागृहात यायला सवड नव्हती. आता आम्हालाही गरज पडली आहे. निदान आता जे मागायचं ते राज्यभरासाठी मागू या, फक्त आपल्या शाळेसाठी नको.

खोकी भरून झाली तेव्हा बाई आल्या. त्यांच्या हातात वर्षभर सांभाळलेला मीलवर्मचा डबा होता. मुली-मुलांनी अळीचे कोष आणि कोषांचे किडे होताना बघितलेला. तो कुणाला द्यायचा हे ठरत नव्हतं. शेवटी तिसरीच्या नव्या वर्गात स्वतःच न्यायचं त्यांनी ठरवलं. मी विचारलं, झाकणांवरची कार्डं काढून घेऊ का, तुम्हाला लागतील. त्या म्हणाल्या, राहू द्या, खोकी पुन्हा कोणी उघडली तर त्यांना लागतील. मग थोडं थांबून एक कार्ड मात्र त्यांनी सोडवून घेतलं. तिसरीच्या लोहचुंबकांचं.

बोर्डाची पुढची बैठक बुधवारी आहे. विषयपत्रिका बहात्तर तास आधी लागते. एलकॅपच्या मसुद्यावर बोलायला आतापर्यंत आम्ही अकरा जणांनी नाव द्यायचं ठरवलं आहे, त्यात चार मराठी घरं आहेत. प्रत्येकाला दोन मिनिटं. कार्डांचे फोटो मी काढून ठेवले आहेत. माझ्या दोन मिनिटांत मी त्यातली तीन वाचून दाखवणार आहे.